तिच्याइतकाच

"हा चामड्याचा पाऊच देखणा आहे, पण तंबाखू आठवड्यात सुकेल. हा रबरी अस्तराचा घ्या, वर्षभर ओली राहील," दुकानदार म्हणाला. मी मुद्दाम देखणा घेतला.

पाइप मी ओढत नाही. तंबाखू माझ्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याची. तो गेल्यावर, साठीत आम्ही लग्न केलं. तरी रोज चहानंतर ती त्याचा पाऊच उघडून वास घ्यायची आणि शेजारच्या खुर्चीत मी पेपर वाचल्याचं सोंग करायचो. आता त्या पाऊचची शिवण उसवली होती.

नवा तिला आवडला. आठवड्यात तंबाखूचा भुगा झाला. तिने हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि पाऊच कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून चहा स्वयंपाकघरात उभ्यानेच पिऊ लागली.

तिची रिकामी खुर्ची मला बघवेना. पुन्हा दुकानात गेलो, रबरी अस्तराचा पाऊच घेतला आणि ताजी तंबाखू मागितली.

"कोणती?"

नाव मला ठाऊक नव्हतं. तो एकेक डबा माझ्या नाकाशी धरत गेला. एका डब्याशी मी त्याचा हात धरला.

तो वास मला तिच्याइतकाच पाठ झाला होता.