दुसऱ्याचं गवत

"सही मी करणार नाही," असं म्हणून काकांनी पेन मदत संस्थेच्या बाईंच्या हातात परत दिलं. रागानं नव्हे, पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला द्यावा, तसं अदबीनं.

दारात संस्थेचा ट्रक उभा होता. ट्रकमध्ये वाळल्या गवताचे साठ भारे होते. चार दिवसांपूर्वी काकांची वर्षभराच्या गवताची गंज जळून गेली होती. गोठ्यामागे तिचा काळा गोल अजून तसाच होता. सात गाई दाव्याला उभ्या होत्या आणि त्यांनी गव्हाणी चाटून चाटून लख्ख केल्या होत्या. त्यांतल्या दोन उद्या सकाळी व्यापारी घेऊन जाणार होता. त्या दोघींच्या जिवावर उरलेल्या पाच जगायच्या, असा काकांचा हिशेब होता.

संस्थेच्या कागदावर शेवटी एक ओळ होती आणि तीच आडवी आली होती. 'मदत घेणाऱ्याची सही.'

"आग परवडली, पण हा कागद नको, असं झालंय ह्यांना," काकू दारातून म्हणाल्या. "म्हटलं, मी करते सही. तर म्हणे, घर माझ्या नावावर आहे. एवढा संसार झाला, ते आज आठवलं."

"तू गप्प बस."

"मी बसते. गाईंना सांगून बघा."

संस्थेच्या बाईंना हसू आलं. पंचवीस वर्षं त्या अशी दारं बघत आल्या होत्या. खरं म्हणजे हा माणूस त्यांना आवडला होता. त्याच मातीच्या त्या स्वतः होत्या. म्हणून अशा प्रत्येक दारात जे त्या सांगत, तेच त्यांनी इथेही सांगायला घेतलं आणि पायरीवर बसल्या.

"काका, मला तुमचं पटतं. माझे वडील असेच होते. मी बारा वर्षांची असताना मोठा दुष्काळ पडला. दोन वर्षं पावसाचा थेंब नाही. भल्याभल्यांनी हात पसरले. आम्ही नाही पसरले. उलट आम्हीच दुसऱ्याचं गवत राखलं."

"राखलं म्हणजे?"

"एका दुपारी कुणी अनोळखी माणूस गाडी भरून गवत घेऊन आला. म्हणाला, माझ्याकडे ठेवायला जागा नाही, महिनाभर तुमच्याकडे ठेवता का? अडल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? वडिलांनी ठेवून घेतलं. जाताना तो एवढंच म्हणाला, की खालचे भारे ओल धरतील. ओले झाले तर तुमच्या जनावरांना घाला, वाया जायला नकोत."

"बरोबर आहे," काका म्हणाले. गवतातलं त्यांना कळत होतं.

"मग वडील रोज सकाळी खालचा एक भारा ओढायचे. हातानं चाचपायचे. 'ओला लागतोय,' म्हणायचे. तेवढाच गाईंना घालायचे. कोरड्याला त्यांनी कधी बोट लावलं नाही. मी आणि धाकटी बहीण काठी घेऊन पहारा द्यायचो. कुणी काडी उचलून दाखवावी. त्या वर्षी आमची एकही गाय गेली नाही. तो माणूस काही परत आला नाही. बिचाऱ्याचं काय झालं असेल, म्हणून आई कितीतरी वर्षं हळहळायची. आणि वडील शेवटपर्यंत ताठ मानेनं सांगायचे, आम्ही कुणाचं घेतलं नाही, दुसऱ्याचं राखलं."

काकांनी हनुवटीवरून हात फिरवला. टोमणा मारायचा नव्हता त्यांना. खरोखरच कोडं पडलं होतं.

"बाई, एक विचारू? दोन वर्षं थेंब नव्हता म्हणालात."

"नव्हताच."

"मग ओल कुठली?"

किती दारांत ही गोष्ट सांगितली होती बाईंनी. कुणी हे विचारलं नव्हतं. त्यांनीही नाही. आता त्यांना वडिलांचा हात दिसला. भाऱ्यावर ठेवलेला, पुष्कळ वेळ तिथेच राहिलेला. पोरींकडे न बघता, वळवलेल्या तोंडानं म्हटलेलं ते 'ओला लागतोय' ऐकू आलं.

त्यांना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कोरड्या ठणठणीत गवतात रोज सकाळी ओल शोधून काढणारा बाप, आणि देता देता याचक होऊन दारात उभा राहिलेला तो परका माणूस. दोघांच्या अभिमानानं त्यांचा ऊर भरून आला.

काका ट्रककडे बघत होते. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "तुमच्या संस्थेला जागा कमी पडत असेल ना, एवढं सगळं ठेवायला?"

"फार कमी पडते, काका."

"मग उतरवा इथे. राखू आम्ही."

"उपकार होतील," बाई म्हणाल्या, आणि ते अगदी मनापासून.

"व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून मी कळवते," काकू म्हणाल्या. पण त्या गेल्या गोठ्याकडे.

भारे उतरू लागले. बाईंनी तो कागद गुडघ्यावर घेतला आणि पेन उघडलं. त्यांची नेहमीची सही आखूड होती. आज त्यांनी माहेरचं नाव लिहिलं. वडिलांचं नाव मध्ये घालून, पूर्ण.

ड्रायव्हरनं वाकून पाहिलं. "ताई, मदत घेणाऱ्याच्या जागी तुम्ही सही केलीत. चुकलं."

"चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या घरची ही सही चाळीस वर्षं राहून गेली होती."