शून्य नंबरचं कार्ड

“मी मुद्दाम करत नाही, हे तुझ्या मामीला सांग,” मामा टेबलाखालून म्हणाले.

“मुद्दाम करायला अक्कल लागते, हे तुझ्या मामांना सांग,” मामी स्वयंपाकघरातून म्हणाली.

दोन्ही निरोप पोचले असं धरून संगणक दुरुस्त करणारा भाचा कामाला लागला.

घोळ असा होता. संगणकात साउंड कार्डं दोन. एकाला मामांचा हेडफोन. दुसऱ्याची वायर भिंतीतून थेट स्वयंपाकघरातल्या स्पीकरला. ती मामांनी कधीकाळी मामीच्या गाण्यांसाठी मोठ्या हौसेने ओढलेली. संगणक सुरू होताना जे कार्ड आधी जागं होईल, त्याला शून्य नंबर मिळायचा आणि आवाज त्याच्याकडे जायचा. त्यामुळे रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला, की तिचा आवाज कधी मामांच्या कानात, तर कधी मामीच्या ओट्यावर.

लेकीने बँकेतली नोकरी सोडून कुत्र्यांचं पाळणाघर काढलं, तेव्हापासून मामीने तिच्याशी अबोला धरला होता. आवाज ओट्यावर आला, की मामी मिक्सर बंद करायची आणि ओरडायची, “बंद करा ते आधी!” मामा लगबगीने आवाज हेडफोनकडे वळवायला लागायचे. कॉल संपेपर्यंत त्यांना ते काही जमायचं नाही.

भाच्याने सेटिंगमध्ये एक ओळ लिहिली. हेडफोन कायमचा शून्य, स्पीकर कायमचा एक.

“आता हवं तितक्या वेळा बंद-चालू करा. तुमचा संसार मोडेल, पण हा क्रम मोडायचा नाही.”

पुढच्या रविवारी मामांनी त्याला पुन्हा बोलावलं. लेकीचा कॉल नुकताच संपला होता. स्वयंपाकघरात मिक्सर घरघरत होता आणि मामी फडक्याने स्पीकर पुसत होती. स्पीकर आधीच चकचकीत दिसत होता.

“परत बिघडलं?” भाच्याने विचारलं.

“छे, अगदी चोख चाललंय.” मामांनी दार लोटून घेतलं. “ते जरा उलटं कर. स्पीकर शून्य.”

“कायमचा?”

“कायमचा.”

“अहो मामा, मग मामी दर रविवारी ओरडेल!”

“ओरडू दे रे,” मामा हळूच म्हणाले. “पण त्याआधी मिक्सर बंद करते ना.”