खालचा पदर

“खोटंच असणार ते, त्यात बघायचं काय?” लिलावघराच्या दारातूनच दुआन शूमिंग ओरडला. काखेत त्याचं मूळ चित्र होतं, लांबलचक गुंडाळी केलेलं. घाईत तिचं टोक काचेच्या दारावर आपटलं.

मॅनेजर शांगबाई लगबगीने पुढे आल्या. “सर, आधी चहा तरी घ्या.”

“चहा नको. पोलिसांना बोलवा.”

“बोलावतोच. तुम्ही फक्त चित्र बनावट असल्याचं लिहून द्या. सही पुसट आहे आणि शिक्का तर नाहीच. कुणी विकलं तेही कळलंय.” त्यांनी नजरेनेच कोपरा दाखवला.

कोपऱ्यातल्या खुर्चीत म्हातारा कांग बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. बीजिंगमध्ये आल्या दिवसापासून दुआनच्या कागदावरच्या प्रत्येक चित्राला मागून अस्तर लावून, कडेने रेशीम चढवून देणारा हाच. दुआनच्या लग्नात वडीलधाऱ्याच्या जागीही हाच बसला होता.

“कांगदादा, तुम्ही?”

“कागद दुपदरी होता,” कांग खाली बघत म्हणाला. “भिजवला की पदर सुटतात. वरचा तुला मढवून दिला, खालचा ठेवून घेतला. शाई झिरपते, शिक्क्याचा तेलकट लाल रंग झिरपत नाही. गल्ली पाडली ना आमची, दुकान हलवावं लागलं. नड होती रे.”

“नड होती तर मला सांगायचं होतं!”

“कधी सांगणार? जेव्हा बघावं तेव्हा तू काहीतरी जाळत असायचास.”

ते मात्र खरं होतं. दुआनला एका जागी टिकणं ठाऊकच नव्हतं. तैलरंगात नाव झालं आणि त्याने तैलरंग सोडले. मग डांबर झालं, सिमेंट झालं, गंजके पत्रे झाले. एका हिवाळ्यात वितळलेल्या मेणापायी त्याने स्टुडिओचं छप्पर पेटवून घेतलं. समीक्षक म्हणत, केवढा प्रयोगशील माणूस! बायको म्हणे, “चित्र काढतोस की कुस्ती खेळतोस?”

खरं कारण त्याला एकट्यालाच माहीत होतं. कॉलेजात त्याचे गुरुजी त्याच्या पहिल्या मोठ्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले होते. “डोंगर चांगला आहे,” शेवटी ते म्हणाले, “पण त्याच्यापुढे तू उभा आहेस. जरा बाजूला हो.” बस, एवढंच. तेव्हापासून दुआन बाजूला व्हायची धडपड करत होता. नवं काहीतरी हातात घ्यायचा, वर्ष-दोन वर्षं झुंजायचा, आणि मागे सरून बघावं तर चित्रापुढे पुन्हा तोच, हात पसरून उभा. गुरुजी वारले. दुआनचं बाजूला होणं काही जमलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तो निमूट शाई आणि कागदाकडे परतला होता. गावामागचा ताइहांगचा डोंगर त्याने भल्यामोठ्या दुपदरी कागदावर उतरवला. सगळ्यांनी वाहवा केली. पुढच्या महिन्यात त्याच्या आजवरच्या कामाचं मोठं प्रदर्शन होतं आणि शेवटची अख्खी भिंत या डोंगरासाठी राखून ठेवली होती. आणि प्रदर्शन जवळ येऊ लागलं तशी दुआनची झोप उडाली होती. त्या भिंतीवर लोकांना काय दिसणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“सर, एकदा नजर तरी टाका. म्हणजे लिहायला बरं पडेल,” शांगबाई म्हणाल्या.

चित्र टेबलावर पसरलेलं होतं. दुआन वाकला तो चुका शोधायलाच.

त्याने ईर्ष्येने ब्रश दाबला होता तिथे फक्त एक फिकट डाग उतरला होता. जिथे त्याने हातचलाखी दाखवली होती, तिथे काहीच नव्हतं. खडकांच्या ज्या कडांवर तो दोन महिने राबला, त्या पार विरून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी धुकं होतं. हे धुकं त्याने काढलेलंच नव्हतं. लहानपणी पहाटे दार उघडलं की जसा दिसायचा, तसाच डोंगर समोर होता. त्याच्यापुढे कुणी उभं नव्हतं.

दुआनला एकाच वेळी रडावंसं वाटलं आणि या म्हाताऱ्याचं मानगूट धरावंसं वाटलं.

“असा पदर विकायचा तर वरून शाई भरतात. तुम्ही का नाही भरलीत?” त्याने विचारलं.

“ब्रश भिजवून बसलो होतो.” कांगने पहिल्यांदाच मान वर केली. “हात धजला नाही.”

शांगबाईंनी कागद आणि पेन पुढे केलं. दुआनने ते घेतलं नाही. बगलेतली गुंडाळी सावरत त्याने कोटाच्या खिशातून दगडी शिक्का आणि लाल रंगाची डबी काढली. शिक्का डबीत दाबला, त्यावर फुंकर मारली, आणि खालच्या कोपऱ्यात हलकेच टेकवला.

“सर! अहो, हे काय केलंत?”

“अस्सल आहे हे,” दुआन म्हणाला. “पोलिसांना कशाला बोलावता? कांगदादांना चहा द्या.”

शांगबाई एकदा टेबलाकडे आणि एकदा त्याच्या काखेकडे बघत राहिल्या. “मग ते? तेही अस्सल, तुमच्या शिक्क्याचं... ते काय आहे?”

दुआनने गुंडाळी काढून खुर्चीला टेकवून ठेवली.

“ते होय? ते नुसतं मी काढलंय.”