बातमीपत्रातली वादळाची ओळ

"साहेब, कोणी विश्वास ठेवणार नाही, पण वादळातून त्या बोटी वाचल्या त्या एका 'एन'मुळे," काका म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून ऐसपैस बसले.

रेडिओ केंद्रात हशा पिकला. बातम्या वाचणाऱ्या या म्हाताऱ्याला तोंडावर सगळे काका म्हणत, माघारी लोणकढे. केंद्रप्रमुखही एरवी हसले असते. पण त्यांचा सख्खा धाकटा भाऊ त्यातल्याच एका बोटीवर होता, आणि आज सकाळी तो घरी बसून चहा गार झाल्याची कुरकुर करत होता. ती कुरकुर त्यांना फार गोड लागली होती.

बातम्या लिहिणाऱ्या ताईला कामावर कायम करायचं की नारळ द्यायचा, हे आज ठरायचं होतं. ती दाराशी मान खाली घालून उभी होती.

"सगळं नीट सांगा," प्रमुख म्हणाले.

"संगणकावर बातमीपत्र माझ्यापुढे फक्त वाचण्यापुरतं उघडतं. तुमचीच कृपा. मी तिखटमीठ लावतो म्हणे."

"लिहिल्याबाहेरचा एक शब्द बोललात तर घरी बसाल, हेही मीच सांगितलंय."

"तेच तर. कुलूपच ते. कळ दाबली तरी अक्षर उमटत नाही. शब्द शोधायला टाकायचा. मग इंग्रजी एनची कळ दाबली की तो पुढे जिथे असेल तिथे उडी, मोठा एन दाबला की मागे. त्या दिवशी ऐन बातम्यांत शिंकलो, चष्मा धुरकटला, हवामान कुठे गेलं सापडेना. लाखो लोक कानात प्राण आणून बसलेले."

"लाखो?" तंत्रज्ञ म्हणाला. "आपल्याला गावाबाहेर कुत्रं ऐकत नाही."

"मासे धरलेस का हिशेबात?" काकांनी त्याला गप्प केलं. "तर 'वादळ' टाकलं. आलं खेळाचं पान, मैदानात गोलांचं वादळ. एन दाबला, सभागृहात शाब्दिक वादळ. पुन्हा एन, पण बोट जड पडलं, कळ दोनदा दाबली गेली आणि स्वारी गोल फिरून परत मैदानात. मग मोठा एन दाबून मागे आलो, तर समोर ताईची ओळ. 'वादळ येत आहे, सर्व बोटींनी ताबडतोब किनारा गाठावा.' मी नुसती वाचली. पोपटानेही वाचली असती."

प्रमुख उठले आणि ताईसमोर येऊन उभे राहिले. 

"आई म्हणाली, ज्या हाताने ते लिहिलं त्याला भेटून ये. ताई, आमच्या घरावर तुमचे उपकार आहेत. आजपासून तुम्ही कायम."

काकांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. ताईने मान वर केली.

"साहेब, काका थाप मारतायत," ती म्हणाली. "त्या बातमीपत्रात 'वादळ' एकदाही नव्हतं. इशारा माझ्या टेबलावरच पडून होता, मी लिहायलाच विसरले होते. काकांनी तो तिथे पाहिला आणि न लिहिलेलाच बोलून टाकला."