अर्धं वाक्य

“लस दिलीच नाहीस? घरात सख्खी आत्या डॉक्टर असून?”

“तुम्हीच नको म्हणालात ना, ताई!” भावजय म्हणाली. तपासायच्या टेबलावर तिचं दहा महिन्यांचं बाळ तापाने फणफणलं होतं. डोळे लाल, रडायचंही त्राण नाही.

“मी? मी नको म्हणाले?”

भावजयीने मोबाइल पुढे केला. पडद्यावर डॉक्टर स्वतःच होती, याच खोलीत, याच खुर्चीत. खणखणीत आवाजात सांगत होती, “गोवरची लस दिली की बाळ जन्मभराचं अशक्त होतं.” व्हिडिओ संपला. खाली लिहिलं होतं, ‘अखेर डॉक्टरच खरं बोलल्या! सर्वांना पाठवा.’

डॉक्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अगं, अफवा खोडायला केलेला व्हिडिओ आहे तो, त्यापुढे ‘ही शुद्ध थाप आहे’ असं म्हटलंय मी! नेमकं तेवढंच कापलंय मेल्यांनी!”

आपल्या बोलण्यात नकार शेवटी येतो, हे कात्री लावणाऱ्या भामट्याला बरोबर कळलं होतं. तिच्यासारख्या शिकल्यासवरलेल्या बाईला मात्र सुचलं नव्हतं. आधी थाप ठासून सांगायची आणि मग ती खोडायची, हा कसला शहाणपणा! तिला त्या भामट्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

“एक फोन करून विचारता येत नव्हतं मला?”

“तोंड तुमचं, आवाज तुमचा. मग विचारायचं काय?” भावजयीचाही स्वर चढला. “उलट ‘आमच्या ताई’ म्हणून कौतुकाने पाठवला मी. इमारतीतल्या सगळ्या बायकांना.”

सगळ्या बायकांना! डॉक्टरने कपाळाला हात लावला. मग बाळाचा कान दुमडून पाहिला. कानामागे उठलेलं पुरळ गालावर उतरत होतं. तिने छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिली.

“गोवर आहे. छातीत उतरलाय. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायचंय.”

भावजयीने तिचा हात घट्ट धरला. “बरं होईल ना हो? ताई, आता तरी पूर्ण सांगा.”

“बहुतेक बाळं बरी होतात, पण...”

भावजय तिच्या तोंडाकडे बघत होती. उरलेलं वाक्य डॉक्टरने स्वतःच कापलं.