वीसपर्यंत

"ओढा," ती म्हणाली, आणि वायरमनकाकांनी भिंतीतला प्लग उपसला. सर्व्हरची घरघर एकदम बंद पडली. काकांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर सत्ताविसावी रेघ मारली.

"जन्मभर वीज आणायची कामं केली," ते म्हणाले. "आता घालवायला बसवलंय."

हॉस्पिटलच्या नव्या डेटाबेस सर्व्हरवर कोणतं लिनक्स, म्हणजे यंत्र चालवणारी मूळ प्रणाली, घालायचं, याचा निकाल आज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. डेटाबेस तिच्या ताब्यात, म्हणून सहीही तिचीच. जुनं लिनक्स भरवशाचं होतं, पण गोगलगायीने लाजावं इतकं मंद. केसपेपरच्या खिडकीवर माणसं तासन्‌तास ताटकळत. नवं चांगलंच चपळ होतं. त्याच्यासाठी ती सहा महिने भांडली होती, जुन्याची बाजू घेणाऱ्यांची तोंडं तिने चारचौघांत बंद केली होती. आता एवढंच बघायचं राहिलं होतं: लिहिता लिहिता वीज गेली, तर पडद्यावर 'नोंद झाली' असं आलेली प्रत्येक नोंद नंतर सापडते का? नियमाप्रमाणे वीस वेळा पाहिलं तरी पुरे होतं. पण जुन्यावर तिने साठ वेळा प्लग ओढायला लावला होता आणि एकही नोंद गेली नव्हती. नव्याला सूट द्यायची नाही, असं तिने ठरवलं होतं.

सर्व्हर पुन्हा चालू झाला. तिने यादी ताडून पाहिली. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिली. एक नोंद नव्हती.

चाचणीपुरते पेशंट तिनेच बनवले होते. यादीतून गेलेली बाई चौतीस वर्षांची होती, आणि तिच्या नोंदीत एकच ओळ होती: पेनिसिलिन देऊ नये. पडद्याने 'नोंद झाली' म्हणून बजावून सांगितलं होतं.

"झालं का?" विभागप्रमुख दारातूनच म्हणाले. तिने सांगितलं. त्यांनी उभ्याउभ्याच ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. खिडकीवरची रांग त्यांना रोज केबिनच्या काचेतून दिसे, आणि रांगेतल्या लोकांच्या शिव्याही तेच खात.

"पेशंट खोटीच ना?"

"हो सर. पण नोंद..."

"नियमात किती वेळा आहे?"

"वीस."

"मग पहिल्यापासून करा आणि वीसवर थांबा. जे होईल तेच लिहा. खोटं लिहा असं मी कधीच म्हणणार नाही." जाता जाता ते वळले. "निवड तुमची आहे. वरपर्यंत मी तुमचंच नाव सांगितलंय."

ते ऐकून तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. ती काकांकडे न बघता खुर्ची ओढून बसली.

काकांनी पुठ्ठा उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर नव्याने रेघा सुरू केल्या. दर वेळी सर्व्हर चालू होईपर्यंत ती पडद्यावरून नजर हलवत नव्हती. बाराव्या खेपेला तिने यादी जरा घाईनेच पाहिली. मग मन खाऊ लागलं म्हणून नीट पाहिली. सगळ्या नोंदी होत्या. अठराव्या खेपेला यंत्र उठायला वेळ लागला, तेव्हा तिने चक्क देवाचं नाव घेतलं. कुणासाठी घेतलं, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

वीस झाल्या. एकही नोंद गेली नाही.

तिने अहवाल पुढ्यात ओढला. 'वीसपैकी वीस वेळा सर्व नोंदी सुरक्षित,' असं लिहिलं. वाक्य पुन्हा वाचून पाहिलं. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. तिने पेन सहीच्या जागेवर टेकवलं.

"ताई," काका म्हणाले. त्यांनी प्लगवरचा हात अजून काढला नव्हता. "एकविसाव्यांदा ओढू?"