एका घरचं विरजण

पुनमनं कोड लिहायच्या तीन वेगवेगळ्या एडिटरसाठी तीन प्लगिन, म्हणजे छोटे जोड-प्रोग्रॅम, लिहिली होती. तिन्हींत तोच कोड चिकटवलेला, त्यामुळं एक चूक निघाली की तीन जागी दुरुस्ती करावी लागायची.

सासरी मुरुडला आल्यावर तिचं रडगाणं ऐकून सासूबाई हसल्या. "आम्हा तिघी जावांच्या चुली अलग, पण इरजण एकाच घरी, धाकल्या रुक्मिणच्या. लागंल तवा वाटी न्यायची. तू बी तसंच कर की!"

पुनमला लईच पटलं. तिनं कोड एका जागी ठेवला, तिन्ही प्लगिनना तो तिथूनच घ्यायला लावला आणि तिन्ही नकला पुसून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाई रुक्मिणकडून रिकामी वाटी घेऊन परत आल्या. "पाव्हणे आले म्हनं. रुक्मिणनं समद्या दह्याची कढी केली! आता तिन्ही घरांत इरजणाला थेंब न्हाई."



पुनमनं चहा तसाच ठेवला आणि आधी तिन्ही नकला परत आणल्या.